संसारांतील यंत्रें : इंजिनाचें भोंक किती मोठें करावें ?

नांदेडहून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें आहे. पत्र लांबलचक आहे, परंतु त्यांतील प्रश्न एका ओळीचा : ‘गुरुजी, आमच्या मोटारीच्या इंजिनाचा बोअर किती करावा?’ घरांत तिघे भाऊ, वडील नाहींत, मातोश्री आहेत. लोह्याकडे थोडी शेती आहे आणि भाड्यानें चालणारी एक टर्बो डिझेल मोटार आहे. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या वाटेनें ती वर्षानुवर्षें धांवत आली. लातूरच्या शिकवण्यांसाठीं ठेवलेल्या मुलांना भेटावयास निघालेले आईबाप, नांदेडच्या दवाखान्यांत दाखवावयास आणलेले म्हातारे, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास आलेले यात्रेकरू, हें तिचें गिऱ्हाईक. गेल्या पावसाळ्यापासून इंजिन निळसर धूर सोडूं लागलें, तेल पिऊं लागलें, आणि शेवटीं तें उघडावें लागलें. खर्चासाठीं मातोश्रींनीं हातांतल्या पाटल्या उतरवून दिल्या, त्या आतां सावकाराकडे आहेत.

धाकटा भाऊ म्हणतो, ‘इंजिन उघडलेंच आहे, तर भोंक एकदम एक मिलिमीटरनें वाढवूं, टर्बोचाही दाब थोडा चढवूं, म्हणजे बालाघाटाच्या चढणीवर गाडी दमणार नाहीं.’ थोरला म्हणतो, ‘पाव मिलिमीटरच्या वर एक केसभरही धातू काढूं देणार नाहीं.’ मधला, म्हणजे आमचा विद्यार्थी, दोघांच्या मध्यें सांपडला आहे. तिन्ही भाऊ आठ दिवस एका पंक्तीस बसून एकमेकांशीं बोललेले नाहींत, असें तो लिहितो. लेथवाला सांगेल तें माप काढून देण्यास तयार आहे. त्याला त्याच्या मजुरीशीं काम.

खाजगी उत्तर पाठवून मोकळें होतां आलें असतें. परंतु मोटार, ट्रॅक्टर किंवा विहिरीवरील इंजिन यांपैकीं कांहींना कांहीं आज बहुतेक घरांत आहे, आणि तें उघडलें म्हणजे हाच वाद उभा राहतो. म्हणून उत्तर येथेंच देतों. वाचकभगिनींनीं हें पुरुषांचें पान म्हणून उलटूं नये. पाटल्या कोणाच्या गेल्या, तें वर लिहिलेंच आहे.

आधीं शब्दाविषयीं. मराठवाड्यांत ‘बोअर’ म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें विंधनविहीर उभी राहते. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. त्यापूर्वीं अंगणोअंगणीं ‘आणखी पन्नास फूट’ करीत लोक खालीं खालीं गेले होते. इंजिनाच्या बोअरलाही तोच न्याय लावण्याकडे मनाचा कल असतो. म्हणून आम्ही येथें सरळ ‘भोंक’ म्हणूं आणि पिस्टनला दट्ट्या म्हणूं.

इंजिनाचें नळकांडें म्हणजे देवघरांतील पंचपात्रासारखें उभें, सारख्या व्यासाचें पात्र. फरक इतकाच कीं त्याचा तळ हा हलता दट्ट्या असतो. दट्ट्या खालीं येतांना हवा आंत येते, वर जातांना ती दाबली जाते, दाबलेल्या तप्त हवेंत डिझेल फवारलें कीं तें पेटतें आणि दट्ट्याला खालीं ढकलतें. दट्ट्या भिंतीला स्वतः घट्ट बसत नाहीं. त्याच्या अंगावरील खांचांत बसविलेल्या कड्या, म्हणजे रिंगा, भिंतीला टेंकून वायु अडवितात आणि तेल पुसून खालीं लोटतात. भोंक झिजलें कीं हें टेंकणें सैल होतें. वायु खालीं जातो, तेल वर येतें, आणि निळा धूर दिसतो.

टर्बो हा यांतील नवा पाहुणा, पण तसा तोही नवा नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस यंत्रशास्त्रज्ञानें १९०५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. धुरांड्यानें फुकट जाणाऱ्या उष्ण वायूवर एक लहानसें चाक फिरवावयाचें, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावयाची. मोटारीच्या लहान टर्बोचें चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें. हवा जास्त भरली म्हणजे तितकें जास्त डिझेल जाळतां येतें, आणि तेंच लहान इंजिन मोठ्याचें काम करूं लागतें. अर्थात् भिंतींवरील दाबही त्या मानानें वाढतो. या ‘अर्थात्’मध्येंच धाकट्या भावाची चूक लपलेली आहे.

आतां हिशेब करूं. पत्रांतील मोटारीच्या भोंकाचा व्यास ७५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ७९.५ मिलिमीटर आहे. पुण्याच्या टाटा कारखान्यानें १९९८ सालीं पुढें आणलेल्या इंडिका मोटारीचें डिझेल इंजिन याच मापाचें. ती गाडी २०१८ मध्यें बंद झाली, पण त्या इंजिनाच्या गाड्या आपल्या भागांत अजून पुष्कळ फिरतात. भास्कराचार्यांनीं लीलावतींत परिघाला व्यासाशीं ३९२७ भागिले १२५० हें सूक्ष्म प्रमाण दिलें आहे, आणि व्यवहाराला २२ भागिले ७ हें स्थूल. सूक्ष्म प्रमाण घेतलें तर ७५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ ४४.१८ चौरस सेंटिमीटर येतें. त्याला धांव ७.९५ सेंटिमीटर आणि नळकांडीं चार यांनीं गुणा : १४०५ घनसेंटिमीटर. कागदावरचा आंकडा हातीं आला, म्हणजे रीत बरोबर आहे.

आतां भोंक ७६ करा. वर्तुळाचें क्षेत्र व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें, म्हणून ७६ चा वर्ग भागिले ७५ चा वर्ग. उत्तर १.०२७. एकंदर पोकळी १४०५ ची १४४३ झाली. लाभ ३८ घनसेंटिमीटर, शेंकडा पावणेतीनांहूनही किंचित् कमी. चार नळकांड्यांत मिळून सुमारें साडेसात चहाचे चमचे. धाकट्या बंधूंनीं हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

याची किंमत काय? भोंकाच्या बाहेरून पाणी खेळत असतें, आणि भोंक व पाणी यांच्यामध्यें ओतीव लोखंडाची भिंत असते. हिशेबापुरती ती ६ मिलिमीटर जाड समजूं. व्यास एक मिलिमीटर वाढविला म्हणजे प्रत्येक बाजूनें अर्धा मिलिमीटर धातू गेला. भिंत साडेपांचाची राहिली. पात्राच्या भिंतीवरील ताण दाबाच्या व व्यासाच्या प्रमाणांत वाढतो आणि जाडीच्या उलट प्रमाणांत. पूर्वीं ७५ भागिले ६, आतां ७६ भागिले ५.५. ताण शेंकडा साडेदहानें वाढला. पावणेतीन मिळविण्यासाठीं साडेदहा मोजावयाचे, हा व्यापार वाण्यानें केला असता तर त्याला घरच्यांनींच दुकानावरून उठविलें असतें.

आणि वर टर्बोचा दाब चढवावयाचा! वातावरणावर ०.७ भरत होता तो ०.८ केला, तर आंत भरणारी हवा १.७ ची १.८ झाली, म्हणजे शेंकडा सुमारें ६ वाढली. पाहा, भोंक न वाढवितां, एका दांडीची लांबी बदलून, भोंकाच्या दुप्पट लाभ झाला. ज्याला शक्तिच हवी आहे, त्यानें टर्बो-इंजिनांत भोंकाच्या वाटेला जाण्याचें कारणच उरत नाहीं. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांत पोकळी हाच हवा भरण्याचा एकमेव मार्ग होता, म्हणून तेथें भोंक वाढविण्याला अर्थ होता. टर्बोच्या इंजिनांत भिंतींची जाडी हेंच भांडवल. दाबाचे ६ आणि धातूचे साडेदहा एकत्र धरले तर भिंतीवरील ताण शेंकडा १७ नें वाढतो. जळतेवेळीं आंतील दाब वातावरणाच्या शंभरपट धरला, तर ७५ मिलिमीटरच्या दट्ट्यावर दर वेळीं साडेचार टनांचा घाव बसतो. आणि मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर प्रत्येक नळकांड्यांत असे घाव सेकंदाला पंचवीस. भिंत लगेच फुटेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण पातळ भिंत घावागणिक किंचित् फुगते, गोलाई सोडते, रिंगेचें टेंकणें सुटतें, आणि जो निळा धूर घालविण्यासाठीं पाटल्या गेल्या तोच वर्षभरांत परत येतो. शिवाय ओततांना सांचा किंचित् सरकला असेल तर भिंत एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ असते. पातळ बाजू कोणती, हें ध्वनिलहरींनीं जाडी मोजणाऱ्या यंत्रावांचून डोळ्याला कळत नाहीं.

पेट्रोलच्या टर्बो गाडीवाल्यांनीं तर याहून सावध असावें. भोंक वाढलें आणि वरची जागा तेवढीच राहिली तर दाबण्याचें प्रमाण वाढतें. डिझेलला तें चालून जातें, पेट्रोल मात्र वेळेपूर्वीं भडकतें आणि दट्ट्याच्या कडा तोडतें.

येथवर थोरल्या भावाला आनंद झाला असेल. आतां त्याच्याकडे वळूं.

थोरल्याचें म्हणणें असें : कारागिरानें मोजलें तेव्हां तिसऱ्या नळकांड्यांत सर्वांत जास्त झीज ०.१८ मिलिमीटर भरली, ती ०.२५ हून कमी आहे, तेव्हां पाव मिलिमीटर पुरे. वजाबाकी बिनचूक आहे, पण भूमितीकडे दुर्लक्ष झालें. नळकांडें चहूंबाजूंनीं सारखें झिजत नाहीं. जळतेवेळीं दट्ट्याचा दांडा तिरपा असतो, म्हणून दट्ट्या एका भिंतीवर रेलतो. झीज मुख्यतः त्या बाजूला, आणि तीही वरच्या टोंकाशीं, जेथें रिंग थांबून परत फिरते तेथें होते. तेव्हां ०.१८ झीज ही बहुतेक एकाच बाजूची समजली पाहिजे. नवें भोंक मात्र जुन्याच मध्यावर पाडावयाचें असतें. मध्य हलविला तर दट्ट्याचा दांडा खालच्या दांड्याशीं काटकोनांत राहणार नाहीं. म्हणून कुशल कारागीर यंत्र बसवितांना खालच्या न झिजलेल्या भागावरून मध्य धरतो. व्यासांत पाव मिलिमीटर वाढ म्हणजे प्रत्येक बाजूस ०.१२५. एका बाजूला ०.१८ खोल गेलेला खड्डा ०.१२५ नें कसा निघेल? वरती चंद्रकोरीसारखा काळसर डाग शिल्लक राहील, आणि नवी रिंग त्या डागावरून दर फेरीस उडेल. व्यासांत अर्धा मिलिमीटर वाढ म्हणजे प्रत्येक बाजूस ०.२५, त्यांत ०.१८ चा खड्डा निघून वर घांसण्याला जागा उरते.

तेव्हां या मोटारीचें उत्तर ७५.५०. पोकळी वाढेल ती एकोणीस घनसेंटिमीटर, तिकडे लक्ष देऊं नये. भिंतीवरील ताण पांच टक्क्यांनीं वाढेल, तो दाब न चढविल्यास सोसेल. चारही नळकांडीं एकाच मापाचीं करावींत, एक झिजलें म्हणून तेवढेंच मोठें करूं नये. आणि ०.७५ व १.०० हीं मापें पुढील दुरुस्तीसाठीं ठेवावींत. वडिलांनीं ठेवलेला दागिना सर्व एकदम मोडीत काढीत नाहींत, तसें हें आहे.

कारागिराच्या मापावर विश्वास नसेल तर घरच्या घरीं पडताळा पाहण्याची एक रीत सांगतों. आमच्या विद्यार्थ्याला ती आवडेल, कारण ती शाळेंत त्याला न सुटलेल्या उदाहरणाचीच आहे. एक नवी रिंग नुसतीच भोंकांत घाला. दट्ट्यानें ढकलून ती प्रथम खालच्या न झिजलेल्या भागांत सरळ बसवा आणि तिच्या दोन टोंकांमधील फट पातळ पट्ट्यांच्या मापानें मोजा. मग वरच्या झिजलेल्या भागांत तीच फट मोजा. फटींतील फरक हा परिघांतील फरक. त्याला ३.१४ नें भागा म्हणजे व्यासांतील फरक मिळाला. पत्रांत दिलेली झीज खरी असेल तर वरची फट खालच्याहून ०.५६ किंवा ०.५७ नें जास्त भरेल. न भरली तर मोजणारा पुन्हां बोलवावा.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपल्याकडे उलटी होते. भोंक आधीं पाडून मग दट्टे आणूं नयेत; आधीं दट्टे आणावेत, ते हातांत घेऊन मोजावेत, मग भोंक पाडावें. डब्यावर ०.५० छापलें म्हणजे दट्टा ७५.५० चा असतो असें नव्हे. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतें, म्हणून दट्टा भोंकाहून मुद्दाम लहान केलेला असतो. किती लहान, तें बनविणारा आपल्या कागदावर लिहितो, आणि कोणत्या उंचीवर मोजावें तेंही लिहितो. समजा दट्टा त्या ठिकाणीं ७५.४६ भरला आणि कागदावर सैली ०.०४ आहे, तर भोंक बरोबर ७५.५० हवें. घण मारून घडविलेले दट्टे ओतीव दट्ट्यांपेक्षां अधिक फुगतात, त्यांना सैली जास्त लागते. एकाचें माप दुसऱ्याला लावलें तर गार इंजिन खडखडतें किंवा तापलेलें इंजिन धरतें. टर्बोच्या गाडींत दट्टा अधिक तापतो, तेव्हां ‘जरा घट्ट बसवा, टिकेल’ हा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावें. रिंगेच्या टोंकांची फटही टर्बोला किंचित् मोकळी लागते. ती तापून मिटली आणि टोंकें एकमेकांस भिडलीं, तर रिंग भिंतीला खरवडते आणि दट्ट्याचा कांठ उडवून देते.

यंत्रानें पाडलेलें भोंक मापापेक्षां पांच ते आठ शतांश मिलिमीटर लहान ठेवावें, आणि राहिलेला धातू घांसणीच्या दगडांनीं काढावा. घांसणीच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदून जाळी उमटली पाहिजे. त्या जाळींत तेल धरून राहतें. आरशासारखी चकाकणारी भिंत पाहून गिऱ्हाईक खूष होतो, पण ती चकाकी कामाची नव्हे. शक्य असेल तर घांसतांना वर हेडच्या जागीं जाड पोलादी पाट आंवळून बसवावा. हेडचे बोल्ट आंवळले कीं भोंक किंचित् वाकडें होतें. पाट लावून घांसलें तर वाकडेपणा धरून गोलाई येते. सर्व कारखान्यांत असा पाट नसतो. कामानंतर ब्लॉक साबणाच्या ऊन पाण्यानें आणि ब्रशानें धुवावा, पांढरें फडकें फिरवून तें पांढरेंच निघेपर्यंत. दगडाची भुकटी आंत राहिली तर ती नव्या रिंगा खाऊन टाकते. हेडखालचें गॅस्केटही नव्या भोंकावर धरून पाहावें. त्याची धातूची कडी भोंकाच्या कांठाबाहेरच राहिली पाहिजे. एक मिलिमीटर वाढविणाऱ्यांची ही कडी कधीं कधीं आंत डोकावते आणि जळते.

ब्लॉकमध्यें आधींच लायनर बसविलेला असेल तर हा सारा खटाटोप बहुधा सोडून द्यावा. जुना लायनर काढून नवा मूळ मापाचा बसवावा, म्हणजे दट्टेही मूळ मापाचे चालतात. विहिरीवरच्या इंजिनांवर हात बसलेले कारागीर ही गोष्ट जाणतात. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनचा कारखाना १९४६ सालीं पुण्यास निघाला. तेव्हांपासून तीं संथ, वजनदार इंजिनें दुरुस्त करीत आपल्याकडे कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांच्या हाताबद्दल आम्हांस आदर आहे. पण सावकाश चालणाऱ्या इंजिनाचा अंदाज टर्बो गाडीला लावणें म्हणजे बैलगाडीचा आंस आगगाडीला लावणें होय.

कायद्याचेंही दोन शब्दांत सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, बनविणाऱ्यानें नमूद केलेल्या गोष्टींहून वेगळी गाडी करण्यास मनाई करतें. दुरुस्तीसाठीं बनविणाऱ्यानेंच मान्य केलेलें जास्तीचें माप घेणें वेगळें आणि शक्तीसाठीं भोंक व दाब वाढविणें वेगळें. भाड्याच्या गाडींत परकीं माणसें बसतात. अपघात झालाच तर विम्याचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारील.

एक प्रश्न तिघांपैकीं कोणींच विचारला नाहीं : भोंक इतकें झिजलें कां? चांगलें तेल आणि स्वच्छ हवा मिळालेलें इंजिन पुष्कळ वर्षें टिकतें. पत्राच्या शेवटीं एक ओळ सहज लिहिली आहे, कीं हवागाळणी आणि टर्बो यांमधील रबरी नळी ‘थोडी चिरली होती, तिला चिकटपट्टी गुंडाळली आहे.’ आमच्या मतें सारें पत्र त्या ओळींत आहे. सोयाबीनच्या मळणीचे दिवस, रस्त्याच्या कडेला खळीं, काळ्या मातीचा पिठासारखा फुफाटा, आणि टर्बो साध्या इंजिनापेक्षां कितीतरी अधिक हवा ओढणारा! गाळणीच्या पुढें चीर पडली म्हणजे गाळणी असून नसल्यासारखी. ती धूळ टर्बोच्या चाकाचीं पातींही झिजविते. तेव्हां इंजिन उघडलेंच आहे तर टर्बोचा दांडा बोटांनीं हलवून पाहावा, पातीं बोथट झालीं असतील तर दाखवून घ्यावीं.

तेव्हां करावयाचें तें असें. ०.५० चे चार दट्टे एकाच वजनाचे, रिंगांसह आणावेत. मोजून भोंक पाडावें. टर्बोचा दाब आहे तेथेंच ठेवावा. रबरी नळी नवी घालावी आणि जुनी, चिकटपट्टीसकट, फेंकून द्यावी. पहिले हजार किलोमीटर गाडी रिकामी किंवा हलकी चालवावी, एकाच वेगानें तासन् तास दामटूं नये, आणि मग तेल बदलावें. धाकट्या बंधूंना चढणीची हौस आहे, तर पहिल्या हजारांत गाडी त्यांच्याच हातीं द्यावी.